रात्रीची वही

त्या रात्री साडेअकराच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले आणि आईच्या खोलीत दिवा चालू दिसला म्हणून आत डोकावले. लकव्याने अंथरुणाला खिळलेली आई डाव्या कुशीवर झोपली होती, पलंगाशेजारी अंथरलेल्या चटईवर तिच्या सेवेला ठेवलेल्या मावशींचा डोळा लागला होता आणि टेबलावर मावशींना पाठवणाऱ्या एजन्सीने दिलेली नोंदवही उघडी पडली होती. दर दोन तासांनी कूस बदलली, लघवीची पिशवी पाहिली, नळीतून पाणी दिले, अशा नोंदी त्या वहीत करायच्या असत. मी सहज नजर टाकली, तर रात्री १२, २, ४ आणि पहाटे ६ वाजेपर्यंतचे सगळे रकाने भरून झालेले होते. ‘उजवी कूस’, ‘सरळ’, ‘डावी कूस’ अशी अक्षरे एकाच पेनाने, एकाच कलाने, एका बैठकीत लिहिलेली होती आणि प्रत्येक ओळीपुढे सही होती. घड्याळात अजून बारा वाजायचे होते.

मी मावशींना उठवले नाही. आईची कूस मीच बदलली आणि तेव्हा तिच्या माकडहाडावर रुपयाएवढा काळपट डाग दिसला. हात लावला तर तेवढीच जागा आजूबाजूच्या कातडीपेक्षा गरम आणि जराशी घट्ट लागली. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. पावडर लावली, पदर सारखा केला आणि झोपायला गेले. पुढच्या दोन महिन्यांत जे सोसावे लागले त्याची सुरुवात त्या डागात होती.

आईला फेब्रुवारीत लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळता येईना. आमच्या लातुरातच एका दवाखान्यात अकरा दिवस काढल्यावर नाकातली नळी, लघवीची नळी आणि औषधांची दोन पानी यादी घेऊन आम्ही तिला घरी आणले. सुटी देताना एका सिस्टरने दहा मिनिटांत सगळे समजावून सांगितले आणि मी मान डोलावली. दवाखान्यात तिच्याभोवती तीन पाळ्यांची माणसे होती, सकाळ-संध्याकाळ डॉक्टरांची फेरी होती, एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसत होते. घरी आल्यावर आजार तोच राहिला, नळ्या त्याच राहिल्या, पण पाहणारे डोळे दोनच उरले आणि तेही रात्री मिटणारे. घरातल्या सेवेचा सगळा प्रश्न मला इथे दिसतो. दवाखान्यातल्या चुकीला साक्षीदार असतो, घरातल्या चुकीला नसतो, आणि ज्याला ती चूक सोसावी लागते त्याला बहुतेक वेळा बोलता येत नाही.

आपल्याकडे असे आजारपण आजवर सुना-लेकींनी निस्तरले. माझ्या आजीचे शेवटचे सात महिने आमच्या जुन्या घराच्या माजघरात गेले आणि आईने तिचे सगळे केले. शेवटी आजीच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. घरात त्याला ‘पाठ लागली’ म्हणत. आजीचे भोग म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिले. त्या जखमा टळू शकल्या असत्या हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि सात महिने एकटीने आजीला उचलून आईची स्वतःची कंबर कायमची गेली याचीही कुणी दखल घेतली नाही. आता मी बँकेत नोकरी करते, भाऊ पुण्याला हिंजवडीत असतो, आणि गल्लीतल्या निम्म्या घरांची हीच तऱ्हा आहे. मुले पुण्यात, म्हातारी माणसे लातुरात, परभणीत, नांदेडात. त्यामुळे घरी सेवेला माणसे पुरवणारा पुण्या-मुंबईतला ब्युरो आता आमच्याकडेही आला आहे, फक्त त्याला इथे एजन्सी म्हणतात. फोन करावा, दुसऱ्या दिवशी बाई दारात हजर होते, सोबत आधार कार्डाची झेरॉक्स असते. महिन्याला १८,००० रुपये ठरले. ‘पूर्ण ट्रेनिंग झालेली आहे’ असे फोनवर सांगितले गेले आणि कोणते ट्रेनिंग, हे मीही विचारले नाही.

ते विचारायला हवे होते. पांढरा कोट घातलेल्या प्रत्येक बाईला आपण सिस्टर म्हणतो, पण त्या कोटाआड फार वेगवेगळी माणसे असतात. एएनएम हा दोन वर्षांचा आणि जीएनएम हा तीन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम आहे आणि ते पूर्ण करणाऱ्यांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागितला तर दाखवता येतो. त्याखाली कौशल्य विकास योजनांमधून चालणारे काही महिन्यांचे अभ्यासक्रम आहेत. ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ या नावांनी ते ओळखले जातात आणि रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलणे, भरवणे, नोंद ठेवणे एवढे त्यात नीट शिकवतात. आणि त्याच्याही खाली आमच्या मावशींसारख्या बाया आहेत, ज्यांनी एखाद्या दवाखान्यात दोन वर्षे फरशी पुसताना जेवढे दिसले तेवढे उचलले. मावशी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या, मायाळू आणि कष्टाळू होत्या. माझ्या आईशी त्या जितक्या प्रेमाने बोलत तितके मीही बोलत नव्हते. पण माया हे एक आणि नाकातली नळी जागेवर आहे की नाही हे ओळखणे दुसरे. एकाच्या बदली दुसरे चालत नाही, आणि एजन्सीने आम्हाला माया देऊन पैसे मात्र कौशल्याचे लावले होते.

नळीचेच सांगते. एका सकाळी मी घराबाहेर असताना मावशींचा फोन आला, “ताई, आजीला लई ठसका लागायलाय, श्वास बी कसातरीच चाललाय.” मी पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी १०८ ला फोन केला होता. आई पाठीवर सपाट झोपलेली असताना तिला नळीतून पेज दिली गेली होती आणि ती उलटून श्वासनलिकेत उतरली होती. न्यूमोनिया होऊन पुन्हा सहा दिवस दवाखान्यात काढावे लागले. तिथल्या एका वयस्क सिस्टरने मला जवळ उभे करून जे दाखवले ते आज माझ्या हाताला पाठ आहे. नाकपुडीशी नळीवर जो आकडा येतो तो लिहून ठेवायचा आणि प्रत्येक वेळी पेज देण्याआधी तोच आकडा आहे का ते पाहायचे. नळी सरकली असेल तर घशात वेटोळे होऊन बसू शकते, म्हणून तोंड उघडून पाहायचे. डोक्याकडची बाजू निदान ३० ते ४५ अंश वर हवी आणि पेज दिल्यानंतर अर्धा ते एक तास तशीच राहायला हवी. सिरिंजचा दट्ट्या दाबून पेज ढकलायची नाही, सिरिंज उंच धरून ती आपोआप उतरू द्यायची. शंका आली तर थांबायचे आणि बोलवायचे. यातले एकही काम अवघड नाही. पण हे मावशींना कुणी सांगितले नव्हते, मला दहा मिनिटांत सांगितले गेले होते, आणि लिहून कुणालाच दिले नव्हते.

गोळ्यांचेही तसेच. नळीतून द्यायच्या म्हणून मावशी सगळ्या गोळ्या खलबत्त्यात एकत्र कुटत. पाकिटावर नावापुढे ‘एसआर’, ‘ईआर’ किंवा ‘एक्सआर’ अशी अक्षरे असली तर ती गोळी शरीरात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते; ती कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. आईची रक्तदाबाची गोळी तशीच होती. तिचा दाब दुपारी इतका का उतरतो, याचा शोध आम्ही तीन आठवडे घेत होतो. अखेर डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि तो प्रश्न एका दिवसात मिटला.

माकडहाडावरचा डाग मात्र एका दिवसात मिटला नाही. शय्याव्रणाची, म्हणजे दवाखान्यात ज्याला बेडसोअर म्हणतात त्याची, पहिली पायरी असा डागच असतो. बोटाने दाबून सोडल्यावर जागा पांढुरकी होऊन पुन्हा पूर्ववत झाली तर तितकी काळजी नसते. दाबूनही रंग हलला नाही तर आतल्या मांसाचा रक्तपुरवठा तुटायला लागलेला असतो. पुस्तकांमध्ये याला लाली म्हणतात, पण आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे डाग काळपट-जांभळा दिसतो, म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवावा लागतो. जागा गरम आहे का, घट्ट आहे का, हे चाचपून पाहायचे. मी त्या रात्री नेमके तेच चाचपले होते आणि वर पावडर लावून मोकळी झाले होते. दहा दिवसांत तिथली कातडी गेली, महिन्याने हाडापर्यंत जाईल की काय असे भय वाटू लागले. रोजची मलमपट्टी करायला येणाऱ्या सिस्टरने पहिल्याच दिवशी आईच्या खालची वाकळ उचलून दाखवली. आईनेच स्वतःच्या हातांनी शिवलेली, जुन्या लुगड्यांची, मऊ वाकळ ती. तिला बरे वाटेल म्हणून मी मुद्दाम घातली होती. तिच्या टाक्यांच्या उंच ओळी आईच्या पाठीवर जशाच्या तशा उमटल्या होत्या. अंगाखाली एक सपाट सुती चादर, तीही सुरकुती न पडू देता, एवढेच हवे असते. वाकळ आम्ही पायांवर पांघरायला घेतली.

मग हवेची गादी आणली. तिचा पंप विजेवर चालतो. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि वीज नेमकी तेव्हाच जाते. पंप थांबला की तासा-दोन तासांत गादी बसते आणि रुग्ण थेट फळीवर टेकतो. गादी देणाऱ्याने हे सांगितले नव्हते. आम्ही पंप इन्व्हर्टरवर घेतला आणि वीज गेली की लगेच कूस बदलायची असे ठरवले. गादी आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही, असा समज मी पुढे कितीतरी घरांत पाहिला. तो खोटा आहे.

हात धुण्याचा नियम जगात सगळीकडे सारखाच आहे: रुग्णाला हात लावण्याआधी, नळीला किंवा जखमेला हात लावण्याआधी, मलमूत्राशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. साबण-पाण्याने धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. हा नियम लिहिणाऱ्याने नळाला पाणी असेल असे गृहीत धरलेले असते. आमच्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि त्यानंतर चांगले पाऊस झाले तरी नळाला रोज पाणी येईल अशी सवय इथे कुणाला लागलेली नाही. टाकीत तळाला चार बोटे पाणी असते तेव्हा दिवसातून वीस वेळा हात धुवा हे सांगणे सोपे नसते. मी स्वतः मावशींना एकदा ‘पाणी जपून वापरा’ असे म्हटले होते. आता त्या वाक्याची मला खंत वाटते, कारण त्यानंतर त्यांनी खरोखरच जपून वापरले. आज आईच्या खोलीत तोटी असलेली एक वीस लिटरची टाकी आहे, ती फक्त हातांसाठी आहे आणि घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कामाला तिच्यातले पाणी घ्यायचे नाही. सोबत सॅनिटायझर आहे, पण हात दिसण्याइतके घाण झालेले असतील तर तो उपयोगाचा नाही; तिथे साबण आणि पाणीच लागते. पाण्याच्या टंचाईत सेवा कशी करायची हे मराठवाड्यातल्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

कायद्याकडे वळले तेव्हा एक गोष्ट फार खुपली. इमारतीच्या दारात उभ्या राहणाऱ्या सुरक्षारक्षकासाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखाली खासगी सुरक्षा संस्थेला परवाना घ्यावा लागतो, रक्षकाची पूर्वपीठिका तपासावी लागते, त्याला प्रशिक्षण द्यावे लागते. खाटा टाकून रुग्ण ठेवणाऱ्या दवाखान्याला शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ पासूनचा कायदा लागू आहे. पण घराच्या आत, उशाशी बसून, जिला हाकही मारता येत नाही अशा बाईच्या नाकातल्या नळीला हात लावणारे माणूस पाठवणाऱ्या एजन्सीसाठी असा स्वतंत्र परवाना नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा कायदा आहे. त्यात दुरुस्ती करून घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा आणण्याचे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेही गेले होते. ते स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये ती लोकसभा संपली तेव्हा मंजूर झालेले नव्हते. त्या काळात किती घरांमध्ये किती जणांच्या पाठी लागल्या असतील याची मोजदाद कुठेही होत नाही, कारण घरात झालेली इजा नोंदवण्याची जागाच नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि ती प्रत्येकाने फोनमध्ये ठेवावी, पण तक्रार ऐकणे आणि तपासणी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एवढे लिहूनही मी मूळ गोष्टीपासून दूर आहे, आणि ती गोष्ट म्हणजे ती वही. दुसऱ्या दिवशी मी मावशींना समोर बसवून विचारले. त्यांनी नाकारले नाही. त्या म्हणाल्या, “ताई, रकाना मोकळा दिसला की पगारातून शंभर रुपये कापतेत. झोप लागली तर काय करावं, म्हणून आधीच भरून ठेवते.” मग हळूहळू बाकीचे कळले. आमच्याकडची रात्रीची बारा तासांची ड्युटी संपली की त्या दिवसा दुसऱ्या एका घरी जात. आम्ही एजन्सीला देत असलेल्या १८,००० पैकी त्यांच्या हातात ११,००० पडत आणि गावाकडे दोन मुली शिकत होत्या. आठवड्याची सुटी नव्हती. चोवीस तासांत ज्या बाईला चार तास झोप मिळते, तिच्याकडून रात्री दोन वाजता उठून साठ किलोचे निर्जीव अंग एकटीने वळवण्याची अपेक्षा आम्ही ठेवली होती, आणि रकाना मोकळा राहिल्यास एजन्सीने दंड ठेवला होता. त्या दंडाने मोकळा रकाना नाहीसा झाला, आईची कूस मात्र बदलली गेली नाही. एजन्सीच्या कागदोपत्री आमच्या घरातली सेवा निर्दोष होती. आईची पाठ लागली त्या आठवड्यातसुद्धा एकही रकाना मोकळा नव्हता.

मी एजन्सीला हे सगळे सांगितले. मला वाटले होते की ते ड्युटीचे तास बघतील. त्यांनी दुसऱ्या दिवशी बाई बदलून दिली. मावशी आपली पिशवी घ्यायला आल्या तेव्हा आईच्या पाया पडल्या, माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. पुढे त्यांना काम मिळाले की नाही ते मला कळले नाही. खरे बोलल्याची शिक्षा त्यांना झाली आणि ती माझ्या फोनमुळे झाली, हे मी विसरू शकत नाही.

त्यानंतर आम्ही एजन्सी सोडली आणि होम हेल्थ एडचा अभ्यासक्रम केलेल्या, रेणापूरकडच्या एका तरुण ताईंना थेट ठेवले. भावाशी माझा यावर वाद झाला, कारण खर्च वाढला. रात्री दहा ते सकाळी सहा एवढीच ड्युटी, आठवड्याला एक सुटी, आणि दुसरीकडे दिवसाचे काम करायची गरज पडणार नाही इतका पगार. त्यांना हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस आम्ही दिले, कारण इन्सुलिनची सुई त्या हाताळतात. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात जातात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा सुयांना घरगुती घातक कचरा ठरवले, तरी आमच्या गल्लीत त्या साध्या पिशवीतून घंटागाडीत पडतात आणि कचरा हाताने निवडणाऱ्या माणसाच्या बोटात शिरतात. आईला वर सरकवायचे असेल तर ताई एकट्या उचलत नाहीत. दुहेरी घडी घातलेले जुने सुती लुगडे आईच्या पाठीखाली असते, त्याची दोन टोके त्या धरतात, दोन मी धरते, आणि ती न घासता सरकते. पुरुष रुग्णांच्या घरी आलेले एकदोन अनुभव ताईंनी सांगितले तेव्हा मी त्यांना सांगितले की २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. त्यांना अभ्यासक्रमात हे कुणी सांगितलेले नव्हते.

वही अजून आहे, पण एजन्सीची नाही, आमची. साधी शंभर पानी, रेघांची. तिला रकाने आखलेले नाहीत. जे केले ते, जेव्हा केले तेव्हा लिहायचे, आणि राहून गेले तर राहिले असे लिहायचे. त्यासाठी कुणी काही बोलणार नाही, असे आमचे पहिल्या दिवशी ठरले. पहिले दोन आठवडे ताईंचा यावर विश्वास बसला नाही आणि वेळा पुन्हा १२, २, ४ अशाच येत राहिल्या. मग ११.५०, २.२०, ४.०५ अशा येऊ लागल्या. परवा सकाळी चहा ठेवून मी वही वाचली. त्यात लिहिले होते (वहीतल्या ‘ताई’ म्हणजे मी): “२.१० उजवी कूस. ५.१५ सरळ. मधी झोप लागली, उशीर झाला. डाव्या टाचेला गरम लागायलं, ताईंना दाखवणे.” मी चहा उतरवला आणि आम्ही दोघी आईच्या पायाशी बसलो. टाच खिडकीच्या उजेडाकडे धरून ताईंनी बोट दाबले, सोडले, पुन्हा दाबले. रंग हलत होता. आम्ही पोटरीखाली उशी सरकवली, टाच हवेत राहील एवढी, आणि ताईंनी वही घेऊन त्याच ओळीखाली वेळ लिहिली.